चार अंगुळांचं अंतर

युद्ध हातचं जायला लागलं आहे आणि एरवी सचोटीचा म्हणून ओळखला जाणारा सेनानी खोटं बोलायला तयार होतो. मराठी माणसाला ही गोष्ट नवी नाही. द्रोणपर्वात ती आहे, कीर्तनकारांच्या आख्यानात आहे. गोरेगावच्या चित्रनगरीत चित्रित झालेल्या बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारत’ मालिकेने १९८८ ते १९९० या काळात ती अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत घरोघरी पोचवली. तीच गोष्ट १५ एप्रिल १९९८ रोजी अमेरिकी दूरचित्रवाणीवर एका अवकाशस्थानकात घडली. ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या मालिकेच्या सहाव्या पर्वातला हा एकोणिसावा भाग, ‘इन द पेल मूनलाइट’. विज्ञानकथेच्या पडद्यावर नायकाच्या अधःपाताचं इतकं बांधेसूद चित्रण मी दुसरं पाहिलेलं नाही.

कथानक थोडक्यात असं. डोमिनियन या बलाढ्य सत्तेशी फेडरेशन या ग्रहसंघाचं युद्ध चालू आहे आणि फेडरेशन हरतं आहे. दर शुक्रवारी मृतांची यादी लागते आणि स्थानकावरची माणसं त्या यादीत आपल्या ओळखीची नावं शोधतात. अशात बीटाझेड हा ग्रह शत्रूच्या हाती पडतो. पारडं फिरवू शकतील असे रोम्युलन मात्र शत्रूशी अनाक्रमणाचा करार करून स्वस्थ बसले आहेत. त्यांना युद्धात ओढायचं, असं स्थानकाचा प्रमुख कॅप्टन बेंजामिन सिस्को ठरवतो. शत्रू रोम्युलनांवरही हल्ला करणार आहे याचा पुरावा मिळवायला तो गॅराकला गाठतो. गॅराक स्थानकावर शिंप्याचं दुकान चालवतो. पूर्वायुष्यात तो हेर होता. खरा पुरावा मिळत नाही, तेव्हा खोटा तयार करायचं ठरतं.

पटकथेचं खरं कसब यानंतरच्या उतरणीत आहे. बनावट चित्रफीत करण्यासाठी एका गुन्हेगाराला तुरुंगातून सोडवून आणावं लागतं. तो दारूच्या नशेत क्वार्क या मद्यगृहाच्या मालकाला भोसकतो. क्वार्कने तक्रार करू नये म्हणून सिस्कोला लाच द्यावी लागते. आपल्यावर वार झाला याचा राग क्वार्कच्या चेहऱ्यावरून बघता बघता उतरतो. या सज्जन माणसालाही किंमत आहे, हे कळल्याचा निर्भेळ आनंद तिथे उमटतो. पुढे ती चित्रफीत उतरवायला लागणारी अस्सल कोरी पट्टी मिळवण्यासाठी ८५ लिटर धोकादायक जैवरसायन द्यावं लागतं. डॉक्टर बशीर हरकत घेतो आणि आदेश लेखी मागतो. सरकारी कचेरीत ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना या मागणीचा अर्थ सांगायला नको. हाताखालचा प्रामाणिक माणूस साहेबाकडे लेखी मागतो, तेव्हा त्या साहेबावरचा त्याचा विश्वास उडालेला असतो. सिस्को आदेश देतो. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा जराशीच खाली आहे, आणि प्रत्येक वेळी परत फिरण्यापेक्षा पुढे जाणं सोपं वाटतं. अधःपात असाच होतो, आणि लेखकांनी तो कुठेही घाईत उरकलेला नाही.

हे सगळं सिस्को स्वतः सांगतो. आपल्या खोलीत बसून तो खाजगी रोजनिशी नोंदवतो आहे आणि थेट आपल्या डोळ्यांत पाहून बोलतो आहे. ॲव्हरी ब्रुक्स हा रंगभूमीवर मुरलेला नट. त्याचा आवाज, मध्येच थबकणं, रागाने फिरणं, सगळं स्वगताच्या घाटाचं आहे. निवेदन पुढे सरकतं तसा त्याच्या अंगावरचा गणवेश सैल होत जातो, कोट उतरतो, हातात पेला येतो. दिग्दर्शक व्हिक्टर लोबल यांनी ही गोष्ट कुठेही अधोरेखित केलेली नाही. पण शेवटी आपल्यासमोर अधिकारी उरलेला नसतो, फक्त माणूस असतो. वीररसाच्या पोटात दडलेली ग्लानी इतक्या साध्या साधनांनी दाखवणं हे मोठ्या कलेचं लक्षण आहे.

रोम्युलन सिनेटर व्रीनाक पुरावा तपासतो आणि तो बनावट असल्याचं ओळखतो. डाव फसला असं वाटतं. मग परतीच्या वाटेवर त्याच्या यानाचा स्फोट होतो. बनावट चित्रफीत करणाराही मेलेला असतो. हे काम कोणाचं ते ओळखून सिस्को गॅराकच्या दुकानात शिरतो आणि त्याला ठोसे मारतो. अँड्र्यू रॉबिन्सनचा गॅराक मार खाऊन सावरतो आणि शांतपणे हिशेब समजावतो. स्फोटातून वाचलेल्या त्या पट्टीतले दोष आता स्फोटामुळेच झाले, असं रोम्युलन समजतील. खोटेपणाच्या खुणाच खरेपणाचा दाखला ठरतील. एक सिनेटर, एक गुन्हेगार आणि एका अधिकाऱ्याचा स्वाभिमान, एवढ्या किमतीत अख्खा प्रदेश वाचत असेल तर सौदा स्वस्त आहे. आणि तू माझ्याकडे आलास, कारण जे तुला करवत नव्हतं ते मी करीन हे तुला ठाऊक होतं, असंही तो सुनावतो. सिस्कोपाशी याला उत्तर नाही.

इथे मराठी रसिकाला द्रोणपर्व आठवल्यावाचून राहत नाही. तिथेही द्रोणाचार्यांच्या अस्त्रांपुढे पांडवांचं सैन्य होरपळत होतं. तिथेही युक्ती दुसऱ्याने सुचवली, द्रोणांच्या मुलाच्या नावाचा हत्ती तिसऱ्याने मारला, आणि धर्मराजाच्या वाट्याला फक्त तो मुलगा मेल्याचं वाक्य आलं. त्रैलोक्यासाठीही हा खोटं बोलणार नाही, या खात्रीने द्रोणांनी त्यालाच विचारलं, म्हणून त्या वाक्याला धार आली. सिस्कोचा शब्दही त्याच्या सचोटीमुळेच चालतो. आयुष्यभर सांभाळलेली विश्वासार्हता दोघांनी एकाच दिवशी शस्त्रासारखी वापरली.

मात्र पुढे वाटा फुटतात. व्यासांनी धर्मराजाला मोकळं सोडलं नाही. जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी भुईला टेकला. द्रोणांच्या मुलाने सूड म्हणून रात्री छावणीत शिरून द्रौपदीचे पाचही पुत्र मारले. आणि स्वर्गाच्या दारातही धर्मराजाला नरक पाहावा लागला. द्रोणांशी केलेल्या कपटाचं ते फळ, असं इंद्राने त्याला सांगितलं. गोरेगावच्या ‘महाभारता’त राही मासूम रझा यांनी निवेदनासाठी ‘समय’ उभा केला आणि हरीश भिमाणी यांनी त्याला आवाज दिला. त्या योजनेचं औचित्य इथे कळतं. सांगणारा काळच असेल तर कोणालाही आपलं पान फाडता येत नाही.

सिस्कोच्या विश्वात रथ नाही, नरक नाही. रोम्युलन युद्धात उतरतात, पारडं फिरतं, आणि पुढच्या भागांत हे गुपित फुटत नाही. आपण या ओझ्यासह जगू शकतो, असं तो कॅमेऱ्याला सांगतो, ते पुन्हा म्हणतो, आणि संगणकाला ती नोंद पुसायला लावतो. गुन्हेगारच निवेदक आहे आणि खोडरबरही त्याच्याच हातात आहे. मला या भागातली सर्वांत भीषण गोष्ट खून वाटत नाही, हा आदेश वाटतो. कारण खोटं बोलेपर्यंत सिस्को स्वतःचा न्यायाधीश तरी होता. नोंद पुसताना त्याने ते आसनही सोडलं.

१९६६ मध्ये ‘स्टार ट्रेक’ सुरू करणारे जीन रॉडनबेरी १९९१ मध्ये वारले. त्यांच्या उजळ भविष्याशी ही कथा द्रोह करते, असा आक्षेप घेता येईल. मला तो पटत नाही. आदर्श मोडताना नायकाला यातना होतात, तेव्हाच त्या आदर्शाचं वजन कळतं. सिस्को निर्ढावलेला असता तर त्याला रोजनिशीची गरजच पडली नसती.

मालिकेचे आधीचे भाग पाहिले नसले तरी हा पाऊण तासाचा भाग जरूर पाहावा, आणि मग द्रोणपर्वातली ती पानं पुन्हा वाचावीत. जनतेला वाचवण्यासाठी खोटं बोललेल्या नेत्याला क्षमा करावी की नाही, यावर प्रामाणिक माणसांत मतभेद राहतील. त्या खोट्याची नोंद पुसणाऱ्याला मात्र, कारण कितीही थोर असलं तरी, क्षमा करू नये.