सूड, पण कशाचा?

महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला लागलो त्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. शेक्सपिअरच्या 'टायटस अँड्रॉनिकस'मध्ये म्हातारा टायटस देवांना विनवतो, की न्यायदेवतेला खाली पाठवा आणि आमच्या अन्यायांचे 'रीक' होऊ द्या. 'रीक'चा मला एकच उपयोग ठाऊक होता, 'हॅव्हॉक'च्या जोडीने येणारा. म्हणजे धुमाकूळ घालणे. मी वर्गात बिनदिक्कत सांगून टाकले, की म्हाताऱ्याचे डोके फिरले आहे, तो न्यायदेवतेलाच अन्याय करायला सांगतो आहे. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, ज्याच्यावर अन्याय झाला तो आणखी अन्याय कशाला मागेल?" घंटा झाली म्हणून वाचलो.

घरी शब्दकोश उघडला तेव्हा कळले, की 'रीक' हे एके काळी नामही होते आणि त्याचा अर्थ होता सूड. ते नाम वापरातून गेले. क्रियापद उरले, पण उलटे होऊन. पूर्वी त्याचे कर्म असे सोसलेला अन्याय. अन्यायाचे 'रीक' करणे म्हणजे त्याचा सूड घेणे. आज त्याचे कर्म असते ती आपण केलेली नासधूस. सोसणाऱ्याचा शब्द नासधूस करणाऱ्याच्या तोंडी गेला.

हा अर्थ हाती धरून 1594 साली छापलेले ते नाटक मी पुन्हा वाचले. टायटसची दोन मुले खोट्या आरोपाखाली मारली गेली आहेत, तिसरा मुलगा हद्दपार आहे, मुलीची विटंबना झाली आहे, स्वतःचा हात कपटाने तोडून घेतला गेला आहे. दाद मागायला पृथ्वीवर जागा उरली नाही म्हणून तो देवांच्या नावाने चिठ्ठ्या लिहून बाणांना बांधतो. त्याच प्रवेशात त्याचा भाऊ मार्कस रोमच्या कृतघ्नतेबद्दल 'रीक' घेण्याची भाषा करतो. पुढच्याच प्रवेशात बादशहा सॅटर्नायनस तोच शब्द उच्चारतो, पण झटके आणि वेड यांच्या पंक्तीला बसवून. घराण्याच्या तोंडी जो न्यायाचा तगादा, तो दरबारात पोचेपर्यंत वेडाचार होतो. वर्गात मी नकळत बादशहाचीच बाजू घेतली होती.

'कोरिओलेनस'मध्ये हे नाम पुन्हा भेटते. रोमने हद्दपार केलेला कोरिओलेनस वेश पालटून ऑफिडियस या शत्रूच्या दारी येतो आणि त्याच्या मनात 'रीक' आहे का, असे विचारतो. लागलीच ऑफिडियसला झालेल्या जखमांची आठवणही करून देतो. या शब्दाच्या जुन्या मुळाचा अर्थ हाकलून लावणे असाही होता. 'रेच', म्हणजे दीनवाणा जीव, हा शब्दही त्याच कुळातला, आणि त्याचा जुना अर्थ परागंदा माणूस. हाकललेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द फार शोभतो.

आपल्या दुभाषी मुलखात हे समजायला शब्दकोश लागू नये. मराठीत आपण 'अपमानाचा सूड' म्हणतो. षष्ठीच्या त्या प्रत्ययात मूळची जखम शाबूत राहते. शेजारची कन्नड 'सेडु तीरिसु' म्हणते. कर्ज फेडायचे असले तरी क्रियापद तेच, 'साल तीरिसु'. आपणही उसने फेडतोच. दोन्ही भाषांना सूड हा हिशेब वाटतो. हिशेब म्हटला म्हणजे तो चांगला ठरत नाही. टायटसचा हिशेब शेवटी आईला तिच्याच मुलांचे मांस वाढण्यापर्यंत जातो आणि तिथे त्याची कीव करणेही अवघड होते. पण पहिली बाकी कोणी ठेवली, हे विसरून त्या शेवटाकडे पाहणे म्हणजे नाटक अर्धेच वाचणे.

बांधावरून, भाऊबंदकीवरून, भाषेवरून आपल्याकडे जी भांडणे होतात, त्यांतही एकाची तक्रार दुसऱ्याला धमकी म्हणून ऐकू येते. अशा वेळी मला माझा तो तास आठवतो. पुढे निवृत्त होईपर्यंत हे नाटक शिकवताना पहिला प्रश्न मी त्या मुलीचाच विचारत आलो.