सीताबर्डीची लढाई टेबलावर: फासे टाकण्याआधीच लागलेला निकाल

नागपूरच्या एका मित्राने १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईवर लघुसैनिकांच्या खेळाची एक मोहीम लिहिली आहे. तीन खेळ, एकामागून एक. मसुदा त्याने मला वाचायला पाठवला, कारण माझी पीएच.डी. मॉडेलिंगवर आहे (भातावरचे तुडतुडे, म्हणजे लढाईशी काही संबंध नाही). वाचून त्याला जे सांगितलं तेच इथे जरा पसरून लिहितोय, त्याच्या परवानगीने. मसुद्यात मेहनत भरपूर आहे. पण त्यात जी अडचण आहे ती रिसर्चमध्ये उतरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटते, आणि गणितापेक्षा खेळात ती लवकर दिसते.

हा प्रकार ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. टेबलावर टेकड्या, घरं, नाले मांडायचे, इंचभर उंचीचे रंगवलेले सैनिक तुकड्या करून उभे करायचे, पट्टीने अंतर मोजून हलवायचे, आणि गोळीबाराचा निकाल फाशांवर लावायचा. १८२४ साली राइसविट्झने प्रशियाच्या अधिकाऱ्यांना असा खेळ शिकवला तो प्रशिक्षणासाठी, एच. जी. वेल्सने १९१३ च्या 'लिटल वॉर्स'मध्ये त्याला घरातल्या जमिनीवर आणलं. 'मोहीम' म्हणजे अशा लढायांची साखळी. पहिल्या खेळात मेलेले सैनिक दुसऱ्या खेळात परत येत नाहीत.

आता प्रसंग. २४ नोव्हेंबर १८१७ ला अप्पासाहेब भोसल्यांनी पेशव्याकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रं जाहीरपणे स्वीकारली. पेशव्याची इंग्रजांशी खडकीला लढाई होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, त्यामुळे रेसिडेंट जेंकिन्सला अर्थ लगेच कळला. त्याने छावणीतली फौज सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर चढवली. मद्रासच्या दोन पलटणी (२० वी आणि २४ वी), रेसिडेंटचे शिपाई, बंगालच्या ६ व्या घोडदळाच्या तीन तुकड्या, चार लहान तोफा. सगळे मिळून तेराशे-चौदाशे. समोर भोसल्यांची फौज, ब्रिटिश कागदांप्रमाणे अठरा हजारांच्या आसपास, त्यात तीन-चार हजार अरब. २६ तारखेच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तो मध्यरात्र उलटेपर्यंत चालला. २७ च्या सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली. तिथून मोठी टेकडी माऱ्यात येत होती, म्हणजे खेळ जवळजवळ संपलाच होता. मग कॅप्टन फिट्झजेराल्डने वरिष्ठाची मनाई असताना घोडदळ घातलं आणि तोफा काबीज केल्या. तेवढ्यात अरबांमध्ये दारूगोळ्याच्या एका गाड्याचा स्फोट झाला, आणि मोठ्या टेकडीवरचे शिपाई खाली धावून लहान टेकडी परत घेऊन बसले. दुपारपर्यंत लढाई आटोपली. तेराशेतली जवळजवळ चौथाई माणसं मेली किंवा जखमी झाली.

मसुद्याचा पहिला खेळ हाच. दुसरा १६ डिसेंबरचा: जनरल डोव्हटनची मोठी फौज येऊन पोचलेली, अप्पासाहेब स्वतः सकाळीच इंग्रजांच्या स्वाधीन झालेले, आणि तोफा ताब्यात घ्यायला गेलेल्यांवर भोसल्यांच्याच फौजेने गोळीबार केल्याने सक्करदऱ्याकडे पेटलेली लढाई. तिसरा खेळ शहराचा. अरब आणि त्यांच्यासोबतचे हिंदुस्तानी शिपाई आतल्या तटबंद भागात, म्हणजे आजच्या महाल परिसरात, शिरून बसले. २४ डिसेंबरला जुम्मा दरवाज्यावर हल्ला झाला.

नकाशावर मित्राने घेतलेले कष्ट मला मनापासून आवडले. टेकड्यांच्या पायथ्याशी वस्तीची मातीची घरं किती जवळ आली होती हे त्याने दाखवलंय, आणि ती घरं अरबांना आडोसा म्हणून वापरता येतात. बर्डीत खरेदीला जाणाऱ्या आपल्या लोकांना आज तिथे ट्रॅफिक सोडून काही दिसत नाही, त्यामुळे हा नकाशा बघताना वेगळीच गंमत येते.

अडचण नियमांत आहे. खेळासाठी त्याने 'ब्लॅक पावडर' ही २००९ सालची, बरीच खेळली जाणारी नियमावली घेतली. तिच्यात प्रत्येक सेनापतीला एक गुण असतो. हुकूम देताना दोन फासे टाकायचे. बेरीज त्या गुणाइतकी किंवा कमी आली तर हुकूम पाळला जातो, जास्त आली तर त्या सेनापतीची त्या फेरीतली हुकूमत संपली. मित्राने ब्रिटिश सेनापती कर्नल स्कॉटला ९ दिलेत आणि भोसल्यांच्या सरदारांना ६. ऐकायला फरक तीनचाच. पण दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ९ किंवा कमी येण्याच्या ३० आहेत, ६ किंवा कमी येण्याच्या फक्त १५. आणि एक हुकूम चुकला की पुढचे जात नाहीत, म्हणून लागोपाठ तीन हुकूम पार पडण्याची शक्यता काढून बघा: स्कॉटला शंभरात ५८, भोसल्यांच्या सरदाराला शंभरात ७. म्हणजे एकाचवेळी तीन बाजूंनी टेकडी चढणं हे भोसल्यांच्या खेळाडूला जवळपास अशक्यच. निकाल सैनिक मांडतानाच लागला.

मी त्याला विचारलं, ६ का? तर उत्तर: "अरे, ते हरले ना."

इथे थांबा. हे उत्तर चुकीचं वाटत नाही, त्यातच धोका आहे. आपण निकाल पाहिला, त्यातून एक आकडा बनवला, तो आकडा मॉडेलमध्ये घातला, मॉडेलने तोच निकाल दिला, आणि आपण म्हणालो की बघा, मॉडेल बरोबर आहे. आमच्याकडेही हे चालतं. शेतात तुडतुडे कमी दिसले तर जन्मदर कमी करायचा. आलेख जुळतो, पण तुडतुडे का कमी झाले, पाण्यामुळे, कोळ्यांमुळे की फवारणीमुळे, त्याबद्दल तो आलेख एक अक्षर सांगत नाही. ६ हा आकडाही 'ते का हरले' याचं उत्तर नाही. 'ते हरले' हे वाक्यच अंकात लिहिलंय.

बरं, हा गुण माणसांचा म्हणून घेतला तरी पुरावा त्याच्याविरुद्ध जातो. लहान टेकडीवर रात्रभर मार खाल्ला तो २४ व्या मद्रास पलटणीने. ही मूळची मद्रासची १ ली पलटण. १८०६ च्या वेल्लोरच्या उठावामुळे तिचा नंबर काढून घेतला होता. म्हणजे कागदोपत्री डाग लागलेली फौज. आणि लढाईनंतर तिला जुना नंबर परत मिळाला. आता हिला किती गुण द्यायचे? २५ नोव्हेंबरला विचारलं असतं तर कुणी ९ दिले नसते.

पण सगळ्यात मोठा पुरावा मित्राच्याच तिसऱ्या खेळात आहे. २४ डिसेंबरला तटाला भगदाड पडलं होतं, तोफा आणि माणसं इंग्रजांकडे महिन्याआधीपेक्षा कितीतरी जास्त होती, आणि तरी जुम्मा दरवाज्यावरचा हल्ला फसला. आतल्या घरांमधून आणि भिंतींआडून एवढा मारा झाला की मागे फिरावं लागलं. नोव्हेंबरात हरलेलेच हे अरब. मित्राला हे माहीत आहे, म्हणून त्याने तिसऱ्या खेळात त्यांचा गुण ६ वरून ८ केलाय आणि समासात लिहिलंय: 'तटामागे असल्यामुळे'. पण भिंतीआड असलेल्या तुकडीला नियमावली आधीच आडोशाचा फायदा देते! एकच भिंत दोनदा मोजली गेली. आणि प्रत्येक लढाईला आकडा बदलायची मुभा असेल तर कुठलीही लढाई जुळवता येते, पानिपतसुद्धा.

मी सुचवलं ते असं. सगळ्या सेनापतींना ७ द्या, दोन्हीकडे सारखे. ३६ पैकी २१. मग नोव्हेंबरचा निकाल कशातून येतो ते शोधा. नोव्हेंबरात नियम बसवून घ्या, आणि डिसेंबरचा खेळ एकही आकडा न हलवता खेळा. एका लढाईवर मॉडेल बसवायचं, दुसरीवर तपासायचं. इतिहासाने आपल्याला त्याच शहरात, त्याच माणसांची, चार आठवड्यांच्या अंतराने दुसरी लढाई आयती दिली आहे. अशी सोय शेतात क्वचित मिळते.

मित्राची शंका रास्त होती: गुण सारखे केले तर अठरा हजार विरुद्ध तेराशे, टेकडी पहिल्या तासात जाईल. पण अठरा हजार टेकडीवर चढत नव्हते. ब्रिटिश हिशेबांत भोसल्यांच्या फौजेतले निम्म्याहून जास्त स्वार आहेत, आणि घोडा उतारावर काय करणार? खऱ्या अर्थाने टेकडीला भिडले ते मुख्यतः अरब, तेही घरांच्या रांगांमधून, अरुंद जागेतून. मसुद्यात मात्र सगळे स्वार टेबलावर उभे आहेत आणि वीस माणसांमागे एक सैनिक या हिशेबाने मित्राला नऊशे सैनिक रंगवायचे आहेत. त्यातले निम्मे काढून टाकले तरी लढाई तीच राहते, आणि रंगाचा खर्च वाचतो. (साकोलीत आम्ही चिंचोके आणि बाटल्यांची बुचं लावून खेळतो. चिंचोके अरब म्हणून छान शोभतात.)

दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळ. इंग्रजांची मदत २९ नोव्हेंबरपासून पोचायला लागली: आधी गहानची तुकडी, डिसेंबरच्या सुरुवातीला मेजर पिटमन, १२-१३ ला डोव्हटन. भोसल्यांच्या बाजूला खरी संधी दोन-तीन दिवसांची होती. मसुद्यात या तारखा दोन्ही खेळाडूंना आधीच माहीत आहेत, त्यामुळे भोसल्यांचा खेळाडू २७ ला जीव तोडून लढतो. अप्पासाहेबांपुढे असं वेळापत्रक नव्हतं. तारखा पंचाकडे झाकून ठेवल्या तर हल्ला करावा की बोलणी लांबवावी हा प्रश्न खरोखर अवघड होतो.

आणि तिसरी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भोसल्यांच्या बाजूला एकच खेळाडू का? अप्पासाहेबांनी लढाईनंतर जेंकिन्सला निरोप पाठवले की हे माझ्या मर्जीने झालं नाही. ते खरं होतं की सारवासारव, यावर वाद घाला. पण दरबार आणि पलटणी एका मनाने चालत नव्हत्या हे १६ डिसेंबरला उघड दिसलं. राजा इंग्रजांच्या छावणीत, आणि त्याची फौज गोळ्या झाडतेय. २४ डिसेंबरला अरब कुणासाठी लढत होते? राजासाठी तर नाहीच. ते लढत होते सुरक्षित बाहेर पडण्याच्या अटींसाठी, आणि ३० डिसेंबरला बायकामुलं व सामानासह शहराबाहेर पडून त्या त्यांनी मिळवल्याही. मसुद्यात तिसऱ्या खेळाचा विजय 'महाल कुणाकडे' यावर ठरतो. त्या हिशेबाने अरब हरले. त्यांच्या हिशेबाने नाही. इथे तीन खेळाडू हवेत, तिघांची जिंकण्याची अट वेगळी, आणि निरोप चिठ्ठीवर, दुसऱ्याला न दाखवता. तसं केलं की तीन हुकूम एकत्र पार पडणं आपोआप अवघड होतं, आणि ते का अवघड झालं हे खेळून झाल्यावर सांगता येतं. ६ हा आकडा ते कधीच सांगणार नाही.

शहरातल्या लढाईची मोहीम कशी बांधावी याचा एक नमुना मित्राने जरूर पाहावा: स्टालिनग्राडच्या बॅरिकाडी कारखान्यावरचा 'रेड बॅरिकेड्स'. त्यात सैनिक नाहीत, पुठ्ठ्याच्या सोंगट्या आहेत. पण खऱ्या कारखान्याचा नकाशा आहे, आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी कुठली भिंत कुणाकडे राहिली त्यावरून दुसऱ्या दिवसाची सुरुवात ठरते. मित्राच्या मोहिमेत फक्त मेलेले सैनिक पुढे जातात, जळालेली घरं जात नाहीत. नोव्हेंबरात पायथ्याची वस्ती उद्ध्वस्त झाली तरी पुढच्या खेळात शहर जसंच्या तसं उभं. आणि शहरात राहणारी माणसं तर मसुद्यात कुठेच नाहीत, याचं मला जरा वाईट वाटलं.

फिट्झजेराल्डचा हल्ला आणि तो फुटलेला गाडा यांचं काय करायचं यावर आमचं एकमत झालं नाही. मित्राने दोन्ही 'ठरलेल्या घटना' म्हणून ठेवलेत: पाचव्या फेरीत हल्ला, सहाव्यात स्फोट. माझं म्हणणं, तो गाडा फुटला नसता तर? इतिहास म्हणजे एकदाच टाकलेला फासा. दहापैकी दहा खेळ जर इंग्रजच जिंकले तर मॉडेल अचूक नाही, ते पाठ केलेलं आहे. दहापैकी किती बरोबर, हे मला सांगता येणार नाही, आणि जो सांगेल त्याला पुरावा मागा. विशेषतः आपला पुरावा कुठून येतो ते बघून: १८२१ चं ब्लॅकरचं पुस्तक, १८२६ चा ग्रँट डफ, स्वतः जेंकिन्सचे कागद. सगळे एकाच टेकडीवरून पाहणारे. काळ्यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' शेजारी ठेवून वाचा, निदान प्रश्न तरी बदलतात. समोरच्या फौजेचा आकडा जितका मोठा, तितका आपला पराक्रम मोठा. म्हणून अठरा हजार हा आकडाही मी मसुद्यात बदलता ठेवायला सांगितलाय, बारा ते अठरा, खेळापूर्वी पंचाने चिठ्ठी काढून.

मित्राने गुण ७ केलेत. घोडदळ अजून काढायला तयार नाही. म्हणतो, स्वारच तर दिसायला चांगले. दिवाळीनंतर धान कापून झालं की २४ डिसेंबरचा खेळ आधी खेळायचा असं ठरलंय, नियमांना हात न लावता.