शिक्षा न करणारी शाळा

गेल्या वर्षी एका मैत्रिणीचा नवरा अचानक गेला. तिचा मुलगा तेरा वर्षांचा, इथेच इंग्लंडमध्ये शाळेत जातो. त्याला वाचायला काय द्यावं या विचारात पॅट्रिक नेस यांची ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ (२०११) ही कादंबरी पुन्हा वाचली. तिची मूळ कल्पना शिवॉन डाउड यांची. त्या कॅन्सरने गेल्या आणि ती कल्पना घेऊन नेस यांनी पुस्तक लिहिलं.

यातला कॉनरही तेराचाच. त्याची आई मरणाच्या दारात आहे. रात्री एक झाड राक्षस होऊन येतं आणि त्याला गोष्टी सांगतं. त्या राक्षसाचं कौतुक पुष्कळ झालं आहे. मला या खेपेला बोचली ती शाळा. आईचं आजारपण कळल्यापासून वर्गातली मुलं त्याच्यापासून दूर राहतात, शिक्षक जपून बोलतात. छळणारा हॅरीसुद्धा एक दिवस ठरवतो, की हा मला दिसतच नाही. कॉनर त्याला बेदम मारतो. मुख्याध्यापिका मात्र शिक्षा करत नाहीत. या मुलाला आणखी काय शिक्षा करायची, असं त्यांना वाटतं. कॉनरला नेमकं तेच सहन होत नाही.

मी दहावीत असताना बाबा गेले. तेरावं झाल्यावर शाळेत परतले, तर मला कुणी फळ्याजवळ बोलावेना, वही मागेना. सगळे चांगलेच वागत होते. त्या चांगुलपणात मी वर्षभर एकटी बसले. म्हणून नेस यांचं हे निरीक्षण मला शंभर टक्के खरं वाटतं.

तक्रार आहे ती पुढची. कादंबरी हॉस्पिटलमध्ये, आईच्या उशाशी संपते. कॉनर शाळेत परततो तो दिवस आपल्याला दिसतच नाही. राक्षसाला जे कळतं ते एकाही शिक्षकाला कळत नाही. पण ब्रिटनमध्ये शाळकरी वयाच्या साधारण २९ मुलांमागे एकाचे आई, वडील किंवा भावंड गेलेलं असतं, म्हणजे सरासरी प्रत्येक वर्गात एक मूल. तेवढे राक्षस कुठून आणायचे?

शाळेने करायचं ते साधंच असतं. वर्गाला काय सांगायचं हे आधी त्या मुलालाच विचारावं. असह्य झालं तर वर्गाबाहेर जायची मुभा असावी. गृहपाठ माफ करू नये, मुदत वाढवून द्यावी. आणि पुढच्या वर्षी ती तारीख लक्षात ठेवावी. आपणही ‘बाबा देवाघरी गेले’ म्हणून विषय मिटवू नये, शाळेशी स्पष्ट बोलावं.

पुस्तक उत्तमच आहे. मैत्रिणीला दिलं, पण सांगितलं, की आधी त्याच्या वर्गशिक्षिकेला वाचायला दे.