‘देवकणा’ची बातमी आणि आपण

विज्ञानाची बातमी मराठी वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर क्वचितच येते. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्राने हिग्ज बोसॉनशी जुळणारा नवा कण सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा मात्र ती आली. आणि आली ती ‘देवकण सापडला’ अशा थाटाच्या मथळ्यांनिशी. इतक्या वर्षांनंतरही त्या शब्दाची झडती घ्यावी, असे आम्हांस वाटते. कारण तो अजून लेखांतून नि व्याख्यानांतून फिरतो आहे.

मुळात हे नाव शास्त्राचे नव्हेच. भौतिकशास्त्रज्ञ लिऑन लेडरमन यांच्या १९९३ सालच्या पुस्तकाच्या शीर्षकातून ते रूढ झाले. सतत हुलकावणी देणाऱ्या या कणाला आपण शिवीवजा नावच दिले असते, पण प्रकाशकाने ते छापू दिले नसते, असे त्यांनीच विनोदाने नमूद केले आहे. पीटर हिग्ज स्वतः निरीश्वरवादी होते. तरीही श्रद्धावंतांची मने दुखावतील म्हणून त्यांना हे नाव पसंत नव्हते. हा शब्द मराठीत येता येता त्यातील थट्टा वाटेतच सांडली आणि देव तेवढा उरला!

मथळ्याने झाकले ते याहून महत्त्वाचे होते. ‘बोसॉन’ या शब्दात सत्येंद्रनाथ बोस यांचे नाव आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ या शोधकार्यात सहभागी होते. अ‍ॅटलास व सीएमएस या दोन प्रयोगांनी स्वतंत्रपणे मोजमापे केली. केवळ योगायोगाने असा संकेत दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत १ इतकी खाली आल्यावरच शोधाची घोषणा झाली. ‘सर्व वस्तूंना वस्तुमान देणारा कण’ हे वर्णनही सैल आहे. मूलकणांना वस्तुमान मिळते ते हिग्ज क्षेत्रामुळे. हा कण त्या क्षेत्राची खूण होय. आपल्या देहाचे बहुतेक वस्तुमान तर प्रोटॉन व न्यूट्रॉन यांच्या आतील बंधनाच्या ऊर्जेतून येते.

परंतु सारा दोष वृत्तपत्रांच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात विलेपार्ल्याच्या इर्ला भागातील चर्चमध्ये क्रूसावरील मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकु यांनी जागा पाहिली आणि तुंबलेल्या गटाराचे पाणी केशाकर्षणाने वर चढत असल्याचे सांगितले. दूरचित्रवाणीवरील त्यांची भाषा ख्रिस्तसभेविषयी तिखट होती, हे खरे. पण चर्चा गटाराची न होता भावनांची झाली. पोलिसांत तक्रारी गेल्या आणि त्यांनी देश सोडला. ख्रिस्तसभेने तो चमत्कार म्हणून जाहीर केलेला नव्हता. मग त्या खुलाशाने आपण दुखावलो का? बातमी आपल्या बाजूची की विरुद्ध, एवढेच पाहून ती वाचण्याची ही सवय आहे. ‘देवकण’ वाचून सुखावणारा आणि केशाकर्षण ऐकून संतापणारा वाचक एकच.

याहून निराळी वाट आपल्याच एका धर्मगुरूने दाखविली आहे. बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ साली विश्वाच्या प्रसरणाचे गणित मांडले आणि १९३१ साली आदिअणूची कल्पना पुढे आणली. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी आपल्या भाषणात विश्वारंभाच्या या विज्ञानाला निर्मितीच्या श्रद्धेची जणू साक्ष मानले. आनंद व्हावा असा तो क्षण. पण लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्मप्रश्नांच्या बाहेरचा आहे, उद्या नवी निरीक्षणे तो बदलू शकतील, ही त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी रोममध्ये जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपमहोदयांनी ते विधान पुन्हा केले नाही.

लमेत्र यांची श्रद्धा दुबळी नव्हती. म्हणूनच तिला मथळ्यांचा टेकू नको होता. आपल्या धर्मग्रामांतील मुलेमुली आज विज्ञान शिकत आहेत. घरात एक विज्ञान आणि मिस्सेला दुसरे, अशी फाळणी त्यांच्या वाट्याला येऊ नये. बातमी आली की काय मोजले, कोणी पडताळले आणि काय अजून अनिश्चित आहे, हे आधी विचारावे. आपल्याला ती रुचते की नाही, हे नंतर. आणि आपल्या नियतकालिकांतून लिहिणाऱ्यांनी ‘देवकण’ हा शब्द टाकून सरळ ‘हिग्ज बोसॉन’ लिहावे, एवढी तरी सुरुवात करता येईल.