गृहत्याग : पलायन की पराक्रम?

पत्नी व पुत्र निद्रिस्त असताना सिद्धार्थ गौतमाने मध्यरात्री गृहत्याग केला, ही कथा सर्वपरिचित आहे. तिच्याच आधारे त्याच्यावर पलायनाचा आक्षेप घेतला जातो. या आक्षेपाला केवळ श्रद्धेने नव्हे, तर ग्रंथांच्या साक्षीने उत्तर दिले पाहिजे.

अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’त देव स्त्रियांना निद्राधीन करतात, नगरद्वारे आपोआप उघडतात आणि यक्ष अश्वाचे खूर हातांवर झेलतात. काव्य म्हणून हा प्रसंग मनोहर आहे. नायकाच्या दृष्टीने मात्र तो हानिकारक होय. ज्याचा मार्ग देवच निष्कंटक करतात आणि ज्याला कोणालाही उत्तर द्यावे लागत नाही, त्याच्या धैर्याची कसोटी लागणार कोठे?

मज्झिमनिकायातील अरियपरियेसनसुत्तात ही मध्यरात्र नाही. तेथे मातापिता अश्रू ढाळीत असताना, त्यांच्या इच्छेविरुद्ध, तरुण गौतम केशश्मश्रू उतरवून घर सोडतो. सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्तात तर परस्परांशी झगडणारी माणसे पाहून आपण भयभीत झालो, अशी स्पष्ट कबुली आहे. भय वाटणे म्हणजे भ्याडपणा नव्हे. भयापोटी शस्त्र उचलणे किंवा मौन पत्करणे हा भ्याडपणा होय.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नायकाला शाक्य संघाच्या सभेत उभे केले. रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करण्याचा ठराव बहुमताने संमत होतो. सिद्धार्थ त्याला उघड विरोध करतो आणि कुटुंबाला शिक्षा होऊ नये म्हणून स्वतः परिव्रज्या स्वीकारतो. मातापित्यांना व यशोधरेला तो हे समक्ष सांगतो. अट्ठकथांत रोहिणीचा तंटा बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे, हे अभ्यासकाने नाकारू नये. परंतु येथे प्रश्न कालक्रमाचा नसून नायकाच्या घडणीचा आहे.

माझ्या मते या नायकाची खरी परीक्षा गृहत्यागात नाही. ती पुढे राजगृहात होते. शाक्य व कोलिय यांच्यात समेट झाल्याची वार्ता तेथे त्याला कळते. देशत्यागाचे कारण संपले. सन्मानाने घरी परतण्याचा मार्ग मोकळा झाला. पळून आलेला मनुष्य अशा वेळी परतला असता. सिद्धार्थ परतत नाही. एक युद्ध टळले, तरी माणसामाणसांतील व वर्गावर्गांतील कलह कायम आहे, हे तो ओळखतो आणि त्याच्या मुळाचा शोध हाती घेतो.

संकट टळताच ज्याचे कार्य संपते, तो स्वतःपुरता सुटलेला असतो. संकट टळल्यानंतरही ज्याला प्रश्न सोडीत नाही, तोच नायक. वीराला भ्याडापासून वेगळे करणारी रेषा घराच्या उंबरठ्यावर नाही. ती परतीच्या वाटेवर आहे.