कुलूप, किल्ली आणि प्रकाश : मेंदूतील ग्राहींच्या अभ्याससाधनांची चिकित्सा

संप्रेरक आणि त्याचा ग्राही यांचे नाते शिकविताना आपण फळ्यावर कुलूप आणि किल्ली काढतो. शिरूर कासार येथील वर्गात प्रस्तुत लेखकानेही हे चित्र वर्षानुवर्षे काढले आहे. ही उपमा एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये योजली, ती विकर आणि ज्यावर ते क्रिया करते त्या पदार्थाविषयी. ग्राहींकडे ती नंतर आली. तिच्यात एक मोठी उणीव आहे. कुलूप किल्लीने उघडते हे ती सांगते. ते किती वेळ उघडे राहते, कोणत्या पेशीत उघडते आणि उघडल्यावर आत काय घडते, याविषयी ती मौन पाळते.

प्रकाशाने नियंत्रित होणारे रेणू नेमके या मौनावर बोट ठेवतात. अॅझोबेंझीन हा त्यांतील परिचित घटक. त्याचे सरळ रूप अतिनील प्रकाशात वाकते, दोन टोकांमधील अंतर सुमारे साडेतीन अँगस्ट्रॉमने घटते, आणि निळ्या प्रकाशात किंवा उष्णतेने ते पूर्ववत होते. असा घटक संप्रेरकसदृश रेणूत गुंफला की किल्लीचा आकारच प्रयोगकर्त्याच्या हाती येतो. २०१५ मध्ये लिराग्लुटाइडपासून घडविलेला असा एक रेणू जीएलपी-१ ग्राहीसाठी प्रसिद्ध झाला. निसर्गाने हीच युक्ती आधीच साधली आहे: डोळ्यातील ऱ्होडॉप्सिन हे जीएलपी-१ ग्राहीप्रमाणेच जी-प्रथिनांशी जोडलेल्या ग्राहींच्या विशाल कुळातील आहे.

तथापि येथे उत्साहाला आवर घालणे आवश्यक वाटते. उपरोक्त रेणूची परीक्षा स्वादुपिंडाच्या बीटा पेशींवर झाली. या पेशींच्या पातळ थरावर प्रकाश टाकणे आणि अधश्चेतकापर्यंत तो पोहोचविणे यांत फार अंतर आहे. अतिनील आणि निळा प्रकाश मेंदूच्या ऊतीत विखुरतो आणि शोषला जातो. खोलवर जायचे तर प्रकाशतंतू रोवावा लागतो, म्हणजे ऊतीला इजा आलीच. शिवाय रेणू विसरणाने पसरतो. प्रकाश तेवढ्या जागेपुरता असला तरी रेणू तेथेच थांबत नाही. ‘अचूकता’ हा शब्द वापरताना ती काळाची की जागेची, हे सांगितले पाहिजे. त्याचप्रमाणे २०२० मधील लक्सेंडिनसारखे चमकणारे रेणू ग्राही कुठे आहे एवढे दाखवितात. ते ग्राही चालवीत नाहीत. पाहणे आणि चालविणे या दोन्हींना ‘प्रकाशाचे साधन’ म्हटल्याने घोळ होतो, आणि हा घोळ लोकप्रिय लेखनात सर्रास आढळतो.

याउलट मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेचे २०२० मधील काम पाहावे. त्यात प्रकाश नाही. उंदरांच्या अग्रमस्तिष्कातील उत्तेजक चेतापेशींत एक अभियांत्रिक ग्राही बसवून, जन्मानंतरच्या दुसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत क्लोझापीन-एन-ऑक्साइड देऊन त्या पेशी उत्तेजित केल्या गेल्या. प्रौढपणी या उंदरांत चिंता आणि नैराश्यसदृश वर्तन टिकून राहिले. किशोर वा प्रौढ वयात तेच केले असता तसा परिणाम झाला नाही. विकासातील एका नाजूक कालखंडाविषयीचा हा निष्कर्ष आहे. या साधनालाही खोट आहे: क्लोझापीन-एन-ऑक्साइडचे शरीरात क्लोझापीनमध्ये रूपांतर होते, आणि क्लोझापीन इतर अनेक ग्राहींवर कार्य करते. म्हणून अभियांत्रिक ग्राही नसलेल्या प्राण्यांनाही तेच औषध देऊन तुलना करणे येथे अपरिहार्य ठरते. आणखी एक मर्यादा अशी की बसविलेला ग्राही परका असतो. मूळ ग्राहीचे वर्तन त्यातून थेट कळत नाही. प्रकाशनियंत्रित संप्रेरकसदृश रेणूचे खरे बळ येथेच आहे, कारण तो पेशीच्या स्वतःच्या ग्राहीवर क्रिया करतो.

तेव्हा कोणते साधन श्रेष्ठ, हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. क्षणार्धात सुरू होऊन थांबणारा संकेत अभ्यासायचा तर प्रकाशाला पर्याय कमी. पण इवल्याशा पिल्लाच्या डोक्यात बारा दिवस प्रकाशतंतू ठेवून मुंबईचा प्रश्न सुटला असता, असे वाटत नाही.