जुन्या मँडोलिनचा नाद

वाद्य जितकें जुनें तितकें गोड, हें मत रसिकांत इतकें रूढ झालें आहे कीं, तें कानाच्या कसोटीस लावून पाहण्याची गरज कोणास भासत नाहीं. आपल्याकडे तें सतारीविषयीं ऐकूं येतें, अमेरिकेंत मँडोलिनविषयीं. तेथील कालामाझू गांवीं गिब्सन कारखान्यांतून १९२२ ते १९२४ या काळांत लॉईड लोर यांच्या सहीनें बाहेर पडलेल्या ‘एफ-५’ मँडोलिनला आज लाखाहून अधिक डॉलर मोजावे लागतात. आम्हांस वाद आहे तो या वाद्याच्या थोरवीशीं नव्हे, तिचें जें कारण सांगितलें जातें त्याच्याशीं.

लोर यांच्या आधींचीं गिब्सन वाद्यें कांहीं कमी जुनीं नाहींत. नेपल्सकडील मँडोलिनची पाठ लांकडाच्या पट्ट्या जोडून भोपळ्यासारखी करीत. ऑरव्हिल गिब्सन यांनीं व्हायोलिनप्रमाणें कोरलेल्या पृष्ठाची कल्पना काढून १८९८ सालीं तिचें पेटंट मिळविलें. त्यांच्या पद्धतीच्या या वाद्यांस मध्यें एक लंबगोल छिद्र असे. त्यांचा स्वर भरीव, गोल व कांहींसा अंतर्मुख. खर्जाच्या तारा छेडल्या कीं नाद उठतो, पसरतो आणि सावकाश विरतो. सतारिये जिला ‘आस’ म्हणतात ती येथें भरपूर आहे.

लोर यांच्या वाद्यांत छिद्राचीं व्हायोलिनसारखीं दोन ‘एफ’ झालीं, पृष्ठाखालीं दोन उभ्या पट्ट्या आल्या. आणि दांडी बाराव्याऐवजीं पंधराव्या पडद्याशीं जोडल्यामुळें घोडी पेटीच्या मध्याकडे सरकली. स्वर त्यामुळें रेखीव व टणक झाला, दूरवर पोंचूं लागला. पण ती आस आंखडली. म्हणजे दोन्ही वाद्यांतील भेद मुख्यत्वें घडणीचा आहे, वयाचा नाहीं. शंका असल्यास १९५० नंतरचीं गिब्सन वाद्यें ऐकावीं. त्यांसहि आतां सत्तरीच्या घरांतलें वय आलें आहे, तरी त्यांतील पुष्कळांचा आवाज जड लांकडांत कोंडल्यासारखा वाटतो.

मौज अशी कीं, लोर यांनीं हें वाद्य योजिलें तें सभागृहांतील अभिजात संगीतासाठीं, आणि मँडोलिनवृंदांची हौस तर तेव्हांच ओसरूं लागली होती. १९२३ सालचें असें एक वाद्य बिल मन्‍रो यांना १९४० नंतरच्या कांहीं वर्षांत मायामी येथील एका न्हाव्याच्या दुकानांत मिळालें. बँजो व फिडल यांच्या गर्दींत तारा क्षणांत दाबून ठेका धरावयाचा, तर आस हवीच कशाला! ब्लूग्रास संगीतानें या वाद्यास त्याचें खरें काम दिलें, आणि आजची कीर्ति बव्हंशीं त्या कामाची आहे.

आमचा कान मात्र मींडेस सरावलेला. मुंबईंत सज्जाद हुसेन यांनीं मँडोलिनवर रागसंगीत वाजविलें, तें ज्यांनीं ऐकलें आहे त्यांस आमचा पक्षपात कळेल. संथ आलापीसाठीं आम्ही लंबगोल छिद्राचेंच वाद्य मागूं. बँजोच्या शेजारीं बसण्याचा प्रसंग आल्यास तें बिचारें ऐकूं येणार नाहीं, हेंहि मान्य करूं.